रखवालदार आणि दरवडेखोर : गुन्ह्याच्या सामाजिक उपपत्तींचा विचार

जुनीं दप्तरें चाळणाऱ्यास चोरी, दरवडा, पुंडावा, बंड हे शब्द पदोपदीं भेटतात. प्रसंग कोणत्या सालचा, नायक कोण, गुन्हेगारी किती बसली, याचा निर्णय आपण साक्षेपानें करतों. परंतु मनुष्य या मार्गास कां लागला, हा प्रश्न त्याच्या स्वभावावर किंवा जातीवर लोटून मोकळे होतों. समाजशास्त्रानें या प्रश्नास जीं उत्तरें दिलीं आहेत, तीं रामोश्यांच्या इतिहासास लावून पाहावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम पूर्वपक्ष. इ. स. १८७६ त लोंब्रोझो या इटालियन वैद्यानें असें प्रतिपादन केलें कीं, गुन्हेगार हा जन्मतःच निराळ्या घडणीचा मनुष्य होय. त्यापूर्वी पांच वर्षें, म्हणजे १८७१ त, हिंदुस्थान सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविण्याची सोय करून ठेविली होती. एकानें कवटी पाहिली, दुसऱ्यानें जात पाहिली. गुन्हा जन्माबरोबर येतो, हें गृहीत मात्र दोघांचेंही सारखेंच.

आतां उत्तरपक्ष. फ्रेंच पंडित दुर्खीम यानें १८९५ त दाखविलें कीं, ज्यांत मुळींच गुन्हा नाहीं असा समाज असूं शकत नाहीं. म्हणून गुन्ह्याचा विचार समाजाच्या घडणींतूनच केला पाहिजे. जुने निर्बंध एकाएकीं मोडतात व नवे रुजलेले नसतात, तेव्हां माणसांचे आचार सैल होतात, असें त्याचें म्हणणें. अमेरिकेंतील मर्टन यानें १९३८ त त्यांत भर घातली : समाज सर्वांस एकच साध्य दाखवितो, पण साधनें कांहींस खुलीं व कांहींस बंद ठेवितो, मग बंद दारासमोर उभा असलेला कोणी आडवाट धरतो. सदरलंड याच्या मतें गुन्हा हा इतर विद्यांप्रमाणेंच निकटच्या संगतींत शिकला जातो. हिर्शी यानें १९६९ त प्रश्नच उलटा केला. लोक गुन्हा कां करतात हें न पुसतां, बहुतेक लोक तो कां करीत नाहींत हें पुसावें. आणि त्याचें उत्तर समाजाशीं असलेल्या बंधांत शोधावें.

हा शेवटला प्रश्न आम्हांस महाराष्ट्राच्या संबंधांत फार मोलाचा वाटतो. मराठी राज्यांत पुणें-सातारा भागांतील अनेक गांवांची राखण रामोश्यांकडे असे. पुरंदरासारख्या किल्ल्यांच्या बंदोबस्तांतही ते असत. चोरी झाली म्हणजे रखवालदारानें माग काढीत गांवच्या शिवेपर्यंत जावें, माग पुढें गेल्यास पुढील गांवानें तो हातीं घ्यावा, आणि छडा न लागल्यास नुकसानीची भरपाई करावी, अशी वहिवाट होती. एल्फिन्स्टन यानें १८१९ त पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत या ग्रामव्यवस्थेचें वर्णन आहे. कल्पना अर्थातच त्याहून प्राचीन. चोराचा माग गांवाबाहेर गेलेला न दिसल्यास ग्रामाधिपतीवर दोष येतो, असें याज्ञवल्क्यस्मृतींतही सांगितलें आहे. हेच रखवालदार अन्यत्र चोऱ्याही करीत, हें खरें. परंतु ज्या गांवचा हक्क ते खात, त्या गांवाशीं ते उपजीविकेनें आणि अब्रूनें बांधलेले असत.

१८१८ त पेशवाई बुडाली आणि हे बंध सुटूं लागले. किल्ल्यांवरील शिबंदी कमी झाली, जुन्या हक्कांस बाध आला. त्यांतच १८२५ च्या सुमाराची टंचाई. १८२६ पासून उमाजी नाइकाचें बंड पेटलें. रक्त तेंच, माणसें तींच. बदलली ती व्यवस्था. दुर्खीम व हिर्शी या दोघांच्याही म्हणण्यास याहून चांगलें उदाहरण विरळा.

उमाजीच्या चरित्रांत आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तो हातीं लागेना, तेव्हां इंग्रज सरकारनें त्यास माफी देऊन मुलखाच्या बंदोबस्तासाठींच चाकरीस ठेविलें. पुढें पुन्हा बिघाड झाला, १८३१ च्या अखेरीस तो पकडला गेला आणि १८३२ त पुण्यास फांशीं गेला. म्हणजे सरकारी कागदांत एकच मनुष्य थोडक्या काळांत बंडखोर, चाकर व पुन्हा बंडखोर ठरला. आज तोच क्रांतिवीर म्हणून वंदिला जातो. १९६३ त बेकर यानें मांडलेल्या उपपत्तीचें मर्म हेंच कीं, गुन्हेगारपण केवळ कृतींत नसतें. तें नांव कोण देतो व कोणास चिकटवितो, यावरही तें अवलंबून असतें.

नांव चिकटलें म्हणजे काय होतें, हें १८७१ च्या कायद्यानें दाखविलें. १९११ व १९२४ सालीं तो वाढविला व एकत्रित केला गेला. नोंदणी, हजेरी, परवान्यावांचून गांव सोडण्यास बंदी, सोलापुरासारख्या ठिकाणीं कुंपणाआड वसाहती. अशा स्थितींत प्रामाणिक धंद्याची वाट अधिकच अरुंद झाली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा सर्व देशांत रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत रामोशी हें नांव आहे. परंतु कायद्यानें सुटलेलें नांव लोकांच्या तोंडून सुटण्यास फार काळ लागतो.

येथें एक आक्षेप संभवतो : हक्क गमावलेला प्रत्येक रामोशी बंडांत गेला नाहीं, मग कारण खरें कसें? उत्तर असें कीं, सामाजिक कारणें समूहांत गुन्हा कां वाढतो हें सांगतात. अमुक मनुष्यानें काय केलें याची जबाबदारी तीं पुसून टाकीत नाहींत. ज्याचें घर लुटलें गेलें, त्याचें दुःखही तितकेंच खरें असतें. कारण सांगणें म्हणजे समर्थन करणें नव्हे.

संग्राहकांस आमची सूचना इतकीच. ‘चोर’ वा ‘पुंड’ असा शब्द असलेला कागद हातीं आला, तर तो शब्द जसाचा तसा ठेवावा. पण लिहिणारा कोण, त्याचा त्या मनुष्याशीं हितसंबंध काय, हें शेजारीं नोंदवावें. त्याच गांवचे हक्कांचे, इनामांचे व दुष्काळांतील सुटीचे कागद त्यासोबत लावून पाहावेत. आणि सूचींत ‘गुन्हेगार जात’ असा मथळा आपल्या पदरचा घालूं नये. कारण ती सूची त्या लोकांचे वंशजही वाचतील, आणि जुन्या सरकारचें काम आपल्या हातून नव्यानें होईल.