समुद्रावरचं सोवळं

जहाजावर रात्रीचं जेवण आटोपत आलेलं असतं. गोडाच्या बशा रिकाम्या झालेल्या, खिडकीबाहेर काळाकुट्ट समुद्र. तेवढ्यात हेडवेटर येतो आणि टेबलावरच्या एकाच बाईंपुढे उद्या रात्रीचं मेन्यूकार्ड ठेवतो. ‘उद्या काय घ्याल?’ बाकीचे सगळे उद्याचं उद्या बघणार. या बाईंनी मात्र पोट तुडुंब भरलेलं असताना चोवीस तासांनंतरची भूक आत्ताच ठरवून टाकायची!

बाई कुणी बड्या असामी नव्हेत. त्यांना सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू चालत नाही. गव्हातलं ग्लुटेन चालत नाही. मोठ्या क्रूझ जहाजांवर अशा पाहुण्यांना आदल्या रात्री मेन्यू दाखवायची पद्धतच आहे. पण का? पोळी-पाव नको, भात वाढा, झालं की! यात चोवीस तास आधी विचारण्यासारखं आहे काय?

आहे. आणि ते ‘का’ शोधत निघालं, की माणूस जहाजाच्या पोटात शिरतो, तिथून स्वतःच्या पोटात, आणि वाटेत आजीच्या कुरडयाही लागतात.

आधी जहाज बघू. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. लांबी ३६५ मीटर, मजले २०. खचाखच भरलं तर ७,६०० प्रवासी, वर २,३५० कर्मचारी. दहा हजार लोकांचं तरंगतं गावच म्हणा ना! जगात साधारण शंभरात एकाला सिलिअ‍ॅक असतो. अनेकांना तो असल्याचं ठाऊकही नसतं, ही गोष्ट वेगळी. त्या हिशोबाने एका फेरीत सत्तर-पंचाहत्तर माणसं अशी निघतील, की ज्यांना गव्हाचा कणसुद्धा महागात पडेल. आणि आसपास काय? पिझ्झा, पास्ता, केक, पाव. गव्हाच्या महापुरात सत्तर छोटी बेटं!

हे ग्लुटेन असतं तरी काय? मराठी स्वयंपाकघराला त्याची ओळख करून द्यायची गरजच नाही. पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते, कधी विचार केलाय का? कणकेत पाणी पडलं आणि तिंबायला सुरुवात केली, की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं एकमेकांत गुंतत जातात आणि रबरासारखं जाळं विणलं जातं. तेच ग्लुटेन. ओढलं की ताणतं, सोडलं की मागे येतं. ज्वारीत हे जाळं विणलंच जात नाही. म्हणून भाकरीला गरम पाणी घालून पिष्ट जरा शिजवून घ्यायचं, त्याच्या चिकटपणावर भागवायचं, आणि तरीही हात जरा चुकला की कडा भेगाळतात!

१७२८ साली इटलीत बोलोन्याला याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी या विद्वानाने गव्हाच्या पिठाचा गोळा पाण्यात धूत धूत नेला. दुधासारखं पिष्ट वाहून गेलं आणि हातात चिवट लगदा उरला. गंमत म्हणजे हा लगदा वनस्पतीतून आलेला, पण गुण प्राण्यांच्या मांसासारखे. बेक्कारी चक्रावला. आपल्याकडे दर उन्हाळ्यात हाच प्रयोग अंगणात होतो आणि कुणी चक्रावत नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळून गाळायचे. रात्रभरात चीक तळाशी बसतो. चीक म्हणजे पिष्ट, आणि चिवट भाग बराचसा चोथ्यात. (म्हणून सिलिअ‍ॅकवाल्यांनी कुरडई खायला घेऊ नये. ‘बराचसा’ म्हणजे ‘सगळा’ नव्हे, आणि हा आजार ‘बराचसा’ या शब्दाला मान देत नाही.)

आता पोटात उतरू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि पचन म्हणजे ती माळ मणी-मणी सुटी करणं. ग्लायडिनमध्ये प्रोलिन नावाचे मणी इतके ठासून भरलेत, की आपल्या पाचकरसांच्या कात्र्या तिथे चालतच नाहीत. २००२ साली शास्त्रज्ञांनी ३३ मण्यांचा एक अख्खा तुकडा दाखवून दिला, की जो जठर, स्वादुपिंड, आतडं यांपैकी कुणालाच तुटत नाही. तुमच्याही पोटात नाही आणि माझ्याही. गव्हाची पोळी पूर्ण पचलेला माणूस पृथ्वीवर नाही!

बहुतेकांचं त्यावाचून काही अडत नाही. पण काहींच्या शरीरात पुढचं नाट्य घडतं. आतड्याच्या भिंतीत ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं आपलंच एक विकर असतं. जखमा सांधणं हे त्याचं काम. ते या न तुटलेल्या तुकड्यात रासायनिक फेरफार करतं. त्या फेरफाराने तो तुकडा डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या जनुकांनी घडवलेल्या खाचेत चपखल बसतो, किल्ली कुलपात बसावी तसा. आणि रोगप्रतिकारक पेशी शत्रू आला म्हणून तुटून पडतात. कुणावर? आपल्याच आतड्यावर. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. तिच्यामुळेच आपल्या पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग पसरला तर जवळपास अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाएवढा भरतो. या लढाईत ती मखमल झिजून सपाट होते, आणि माणूस भरल्या ताटावर बसूनही कुपोषित राहतो.

याचा गुन्हेगार गहू, हे कळलं कसं? उत्तर एका डच बालरोगतज्ज्ञाकडे आहे. विलेम कारेल डिके यांना दुसऱ्या महायुद्धाआधीच गव्हाचा संशय होता. मग १९४४-४५चा हिवाळा आला. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. सगळा देश खंगत असताना हेगच्या इस्पितळातली सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारायला लागली! युद्ध संपलं, पाव परत आला, आणि मुलं पुन्हा आजारी. डिके यांनी १९५० साली प्रबंधात ते सगळं मांडलं. उपासमारीने पोरं बरी व्हावीत, असं कोडं कुणाला सुचलं असतं?

आता जहाजाच्या आचाऱ्यापुढचा पेच बघा. जंतू असता तर उकळून मारला असता. पण ग्लुटेन जिवंतच नाही, मारणार काय? उकळा, तळा, भाजा. ते तसंच राहतं. पाव भट्टीतून निघतो तो ग्लुटेन घेऊनच की. ज्या तेलात मैद्याचं आवरण दिलेले मासे तळले, त्यातच बटाटे तळले तर बटाटेही गेले. उपाय एकच उरतो, शिवू द्यायचं नाही.

ऐकल्यासारखं वाटतं ना? जुन्या घरातलं सोवळंच हे! वेगळी भांडी, वेगळी पळी, खरकटा हात लागला की सगळं बाद. एक फरक मात्र आहे, आणि तो मला मोठा वाटतो. त्या सोवळ्याने जितीजागती माणसं दूर लोटली, आणि पुरावा शून्य. इथे दूर ठेवायचा तो पिठाचा कण, आणि पुरावा रक्ताच्या तपासणीत सापडतो.

हे सोवळं किती कडक? ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायची आंतरराष्ट्रीय मर्यादा, आणि भारतातलीही, किलोमागे २० मिलीग्रॅम. तांदळाचा एक दाणा साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. म्हणजे किलोभर तांदळाच्या पन्नासेक हजार दाण्यांत एक दाणा! रुग्णाला दिवसाकाठी एकूण १० मिलीग्रॅमपर्यंत ग्लुटेन सहसा सोसतं, असं मानतात. पावाच्या एका स्लाइसचे दोनशे तुकडे केलेत तर त्यातला एक. टोस्टरच्या तळाशी याहून जास्त साठलेलं असतं.

मग दहा हजारांच्या तरंगत्या गावात हे सोवळं पाळणार कसं? इथे जहाजाचा स्वभाव कामी येतो. जहाज ही मुळातच कप्प्यांची वस्तू. एका कप्प्यात पाणी शिरलं तर दुसऱ्यात जाऊ नये, या हिशोबाने बांधलेली. स्वयंपाकघरही, म्हणजे जहाजावरची गॅली, तसंच: मासे एकीकडे, मांस दुसरीकडे, बेकरी आणखी लांब. उघडी ज्योत कुठेच नाही. समुद्रात आगीइतकी भीती कशाचीच नसते, म्हणून सगळं विजेवर आणि वाफेवर. चिरायचे पाट रंगांचे: कच्च्या मांसाला लाल, भाजीला हिरवा, आणि अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी अनेक ठिकाणी जांभळा. जांभळ्या पाटावर पाव ठेवणं म्हणजे देवघरात चप्पल घालून शिरणं.

खालच्या मजल्यावर जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक बोळ असतो. अमेरिकी जहाजांवर त्याला ‘आय-९५’ म्हणतात, मायामीला जाणाऱ्या महामार्गावरून. त्या बोळातून सगळा शिधा हलतो. आठवडाभराचं अन्न बंदरातल्या काही तासांत भरून घ्यायचं, आणि दोर सुटले की जे राहिलं ते राहिलं. अर्ध्या समुद्रात ग्लुटेनमुक्त पावाला कोपऱ्यावरचा वाणी नसतो! म्हणूनच कंपन्या महिना-दीड महिना आधी कळवा म्हणतात. बुकिंगच्या वेळी सांगायला संकोचणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढं तरी ऐकावं.

आता ते मेन्यूकार्ड. हजारो लोकांचं रात्रीचं जेवण रात्री बनत नसतं. त्याचे रस्से आणि सॉस सकाळपासून वाफेवरच्या मोठाल्या हंड्यांत रटरटत असतात, आणि त्यांना दाटपणा येतो तो लोण्यात परतलेल्या मैद्याने. एकदा का मैदा हंड्यात पडला, की तो काढायची विद्या कुणाकडेच नाही. पण आदल्या रात्री कळलं असेल, की अमुक टेबलावरच्या बाईंना मशरूमचा सॉस हवाय, तर मैदा पडायच्या आधी एक वाटीभर बाजूला निघते. तिला मक्याचं पीठ लावतात, झाकण ठेवतात, वर चिठ्ठी डकवतात. चोवीस तासांचं रहस्य म्हणजे ही वाटी!

हे झालं टेबलावर बसून मागवायच्या जेवणाचं. बुफेत मात्र सगळे कप्पे फुटतात. पास्त्यातला डाव शेजारच्या भातात जातो, आणि तो घालणारा आचारी नसतो; तुमच्याआमच्यासारखा कुणी तरी प्रवासी असतो. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाने तिथे उघडताक्षणी जावं, नाही तर आतून ताजं वाढून मागावं. माझं मत विचाराल तर जाऊच नये.

बुफेच्या दाराशी आणखी एक मौज. क्रूझवाल्यांचा कर्दनकाळ म्हणजे नोरोव्हायरस, जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा. दारात सॅनिटायझरची बाटली असते, पण अल्कोहोलला तो फारसा दाद देत नाही. साबण-पाण्याने हात धुवावे लागतात. म्हणून कितीतरी जहाजांवर बुफेच्या तोंडाशीच बेसिन बसवलेली असतात. आणि ग्लुटेन? तेही सॅनिटायझरने जात नाही, साबण-पाण्यानेच जातं! एक विषाणू, एक प्रथिन, नातं काही नाही, पण दोघांना एकच औषध. चुकून ग्लुटेन पोटात गेलं तरी अनेकदा उलट्या-जुलाबच होतात, आणि तसं झालेल्या प्रवाशाला साथीच्या धास्तीने केबिनमध्येच थांबायला सांगतात. कण पावाचा, शिक्षा विषाणूची.

भूमध्य समुद्रातली सफर असेल तर बंदरावर उतरल्यावर उलटाच धक्का बसतो. इटली, पिझ्झा-पास्त्याचं माहेर, सिलिअ‍ॅकवाल्यांचे जगात सर्वांत जास्त लाड करणाऱ्या देशांपैकी एक! २००५ पासून त्यांच्यासाठी कायदा आहे, आणि ग्लुटेनमुक्त अन्नासाठी सरकार दरमहा भत्ता देतं. नेपल्सच्या बंदराबाहेर ‘सेन्झा ग्लुटिने’ हे दोन शब्द पाठ असले की बरंच काम होतं.

आणि जहाजावर परतल्यावर समोर गोव्याचा माणूस भेटला तर नवल वाटून घेऊ नका. ब्रिटिशांच्या बोटींवर आचारी आणि कारभारी म्हणून गोंयकार पिढ्यान्‌पिढ्या गेले. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावागावाच्या ‘कूड’ होत्या, तिथे बोटीची वाट बघत ते राहत. आजही कितीतरी जहाजांच्या गॅलीत कोकणी कानावर पडते. अशा माणसाला ‘उपासाचं चालेल’ म्हटलं तर निम्मं काम झालंच. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा: एकादशीच्या ताटात गव्हाला मुळी शिरकावच नाही. आपल्या पूर्वजांना ग्लुटेन माहीत नव्हतं, पण त्यांनी त्याच्याविना जेवणाचा अख्खा मेन्यू लिहून ठेवला!

तेव्हा पुन्हा त्या टेबलापाशी या. बाईंनी चष्मा लावलाय, हेडवेटर वहीत टिपतोय. मासा, नुसता लोण्यावर, आवरण नको. सॉस, मैदा पडायच्या आधीचा. भात. ‘आणि भारतीय काही? डाळ देऊ?’ बाई खूश होतात. डाळीत कसला आलाय गहू!

त्याचं पेन थांबतं. डाळीला फोडणी असते आणि फोडणीत हिंग. खरा हिंग इतका उग्र, की बाजारात येतो तो कशात तरी मिसळून. कधी डिंकात, कधी तांदळाच्या पिठात आणि फार वेळा गव्हाच्या पिठात. म्हणजे चिमूटभर हिंगात पुन्हा तोच गहू, पिवळ्या डबीत लपून बसलेला.

‘एक मिनिट हं,’ तो म्हणतो, ‘डबी बघून येतो.’ आणि गॅलीच्या दाराकडे वळतो.