एका शिताची साक्ष

विज्ञानाचा नियम आपल्या अटी आधी सांगतो आणि मग विधान करतो. म्हण मात्र विधान तेवढे जिभेवर ठेवते आणि अटी चुलीपाशीच विसरून येते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही आपली म्हण अशाच विसराळू म्हणींपैकी आहे. जुन्या शास्त्रीमंडळींनी तिला स्थालीपुलाकन्याय असे भारदस्त नाव देऊन वादविवादात मानाचे पान दिले, आणि व्यवहारी माणसांनी एका भेटीवरून जावई, एका गाऱ्हाण्यावरून गाव व एका वर्षाच्या पावसावरून सारा जिल्हा पारखण्याची सनदच तिच्यापासून मिळवली. म्हणींना अडाणीपणाचे अवशेष ठरवून मोडीत काढण्याची हल्ली एक हौस दिसते. तिच्यात मला फारसे शहाणपण वाटत नाही. ही म्हण खोटी नाही. ती भांड्यापुरती अगदी खरी आहे, आणि ती तेथे खरी का ठरते याची चौकशी केल्याखेरीज ती अन्यत्र का फसते हे उमगत नाही.

तांदळाच्या दाण्याचा फार मोठा भाग स्टार्चचा असतो. हा स्टार्च गरम पाण्यात पाणी शोषून फुगतो आणि आपली घट्ट स्फटिकमय घडण मोडून मऊ होतो. जातीजातींप्रमाणे हे स्थित्यंतर सुमारे ५५ ते ७९ अंश सेल्सिअस या पट्ट्यात घडते. अधण आले की भांड्यातील पाण्याचे तपमान शंभर अंशांच्या आसपास स्थिरावते, खालचे तापलेले पाणी वर व वरचे खाली असे अभिसरण अखंड चालू राहते, आणि भरपूर पाण्यात वैरलेला प्रत्येक दाणा त्या खळखळाटात वरखाली फिरत जवळजवळ सारख्याच उष्णतेला, सारखाच वेळ सामोरा जातो. पेज काढून भात वेळण्याची जी कोकणातील रीत, तिच्यात तर ही समानता सर्वाधिक असते. अशा भांड्यातून काढलेले शीत बोटांत चेपले आणि त्याचा मध्य कडक लागला नाही, तर उरलेल्या हजारो शितांविषयी त्याने दिलेली साक्ष ग्राह्य धरावयास हरकत नाही. कारण त्या सर्वांचा पूर्वेतिहास एकच आहे.

पण पाणी बेताचे घालून मंद आचेवर भात मुरवावा, म्हणजे तळ करपला असून वरचा थर टचटचीत राहिला आहे असा प्रसंग येतो. किंवा वाण्याने जुन्या तांदळात नवा मिसळून दिला असावा, म्हणजे एकाच भांड्यात दोन प्रकारचे दाणे दोन वेगवेगळ्या वेळी शिजतात. तेथे एका शिताने काय सांगावे? तांदळाचा शिजण्याचा काळ मोजणाऱ्या संशोधकांनाही एका शिताचा भरवसा वाटलेला नाही. त्यांची रूढ पद्धत अशी की, ठरावीक वेळाने दहा दाणे काढून ते काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबावयाचे, आणि निदान नव्वद टक्के दाण्यांच्या मध्यातील पांढरा, अपारदर्शक ठिपका नाहीसा झाला म्हणजे भात शिजला असे मानावयाचे. दहांपैकी एखादे शीत विरुद्ध साक्ष देणार, हे त्यांनी अगोदरच गृहीत धरलेले असते.

रक्ताची गोष्ट म्हणीला अनुकूल आहे. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबावरून सर्व शरीरातील शर्करेचा अंदाज करता येतो, याचे कारण विल्यम हार्वेने १६२८ साली सिद्ध केलेले अभिसरण होय. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय त्याच्या अंगातील सारे रक्त साधारण एका मिनिटात एकदा फिरवून आणते. जमिनीला असे हृदय नाही. म्हणूनच माती परीक्षणासाठी नमुना घेताना शेतकऱ्याला शेतभर नागमोडी फिरून ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे खड्डे घ्यावयास सांगतात. बांध, झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा वर्ज्य करवितात. सर्व माती एकत्र कालवून तिचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून देण्याची क्रिया अर्धा किलो माती उरेपर्यंत पुनःपुन्हा करवितात. निसर्गाने जे ढवळले नाही ते हाताने ढवळून म्हणीची अट पुरी करण्याचा हा खटाटोप आहे. आणि तरीही शेतात चोपण वा खारवट पट्टा असेल तर त्याचा नमुना वेगळा घ्यावा लागतो, कारण कालवलेल्या मातीत त्याचा दोष विरघळून दिसेनासा होतो.

शिते पुष्कळ घेतली म्हणजे प्रश्न सुटतो, असे कोणी म्हणेल. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका वाटून वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा केली आणि अध्यक्षपदी लँडन येणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी दोन वगळता सारी राज्ये जिंकली. मतपत्रिका ज्या याद्यांवरून धाडल्या त्या बव्हंशी दूरध्वनीधारकांच्या व मोटारमालकांच्या होत्या, आणि त्या मंदीच्या काळात हे दोन्ही वर्ग कोणत्या थरातील होते हे सांगणे नलगे. डाव एकाच थरात बुडत असेल, तर तो कितीही वेळा बुडविला तरी भांड्याची खबर मिळत नाही.

आपल्याकडे या म्हणीची खरी कसोटी शेतांत लागली. पूर्वीच्या महसुली कारभारात पिकाचा अंदाज आणेवारीने होई. गावकामगाराने उभे पीक नजरेने पाहावे, सोळा आण्यांच्या सुगीशी मनात ताडून पाहावे आणि इतके आणे म्हणून दफ्तरी नोंद करावी. ही नजर बहुधा कमीकडे झुके. सूट आणि तहकुबी ज्या आकड्यावर अवलंबून, तो आकडा लिहिणारा हात मोकळा कसा असणार? १९४० नंतर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत, सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या नजरपाहणीच्या जागी पीक कापणी प्रयोग रूढ करण्याचे काम हाती घेतले. कोणते गाव, कोणता सर्व्हे नंबर आणि नैर्ऋत्य कोपऱ्यापासून किती पावलांवर चौकट आखावयाची, हे सारे यदृच्छा-अंकांच्या कोष्टकावरून ठरवावयाचे. म्हणजे शीत कोणते उचलावे हा अधिकार माणसाच्या हातून काढूनच घ्यावयाचा.

आणि येथे एक मोठा मौजेचा दोष उघडकीस आला. लहान चौकट कापावयास सोपी, आणि तशा पुष्कळ कापता येतात. कलकत्त्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांचा तिच्याकडे ओढा होता. सुखात्मे यांनी लहानमोठ्या चौकटींचे उत्पन्न ताडून पाहिले, तेव्हा लहान चौकटी उत्पन्न वाढवून सांगतात, आणि चौकट जितकी लहान तितकी ही वाढ अधिक, असे आढळले. ‘नेचर’मध्ये १९४६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि पुढे दोन्ही पक्षांत बराच वाद झाला. कारण पाहू जाता साधे आहे. दोरीवर उभे असलेले ताट आत धरावे की बाहेर, असा संशय पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर बाजूच्या चौकटीत एका चौरस मीटरमागे चार मीटर दोरी येते. पाच मीटर बाजूच्या चौकटीत ती केवळ ऐंशी सेंटिमीटर भरते, आणि संशयित ताटांचा वाटाही त्याच प्रमाणात उतरतो. यात लबाडी कोणाचीच नाही. जागा निवडण्याचे स्वातंत्र्य हाताकडून काढून घेतले, तरी तो कडेवर आपले काम करीतच राहिला!

आज पीक विम्याच्या नुकसानभरपाईचा निर्णय बऱ्याच अंशी याच कापणी प्रयोगांवर होतो. महसूल मंडळातील प्रयोगांची सरासरी काढावयाची, मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून बांधलेल्या उंबरठा उत्पन्नाशी ती ताडावयाची, आणि ती खाली गेली तर मंडळातील सर्व विमाधारकांना एकाच दराने भरपाई द्यावयाची, अशी ही योजना. प्रत्येक गट नंबराची स्वतंत्र पाहणी करण्याइतकी माणसे कोणत्याच खात्यापाशी नाहीत, त्यामुळे ती गैरवाजवी म्हणता येत नाही. परंतु येथे म्हण उलटी फिरली आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे: शितावरून भात पारखून झाला, आणि आता भातावरून शीत पारखले जात आहे. ओढ्याकाठी ज्याचे सोयाबीन कुजले आणि माळावरच्या शेजाऱ्यांचे मात्र चांगले उतरले, तो शेतकरी तलाठ्यापुढे येऊन आपल्या शेतात काहीच पिकले नाही असे सांगतो. त्याचे म्हणणे खरे असते, मंडळाची सरासरीही खरी असते, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असण्यास गणिताची काही हरकत नसते.