‘देव शांततेत बोलतो’: बायबलमधली ती गोष्ट नेमकी काय आहे?

डोंगर, धुकं, निवांत तळं आणि त्यावर एक ओळ: देव वादळात नाही, शांततेत भेटतो. खाली बारीक अक्षरात ‘१ राजे १९:१२’. अशी पोस्ट तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. पण ज्या प्रकरणाचा तो संदर्भ आहे, ते उघडून वाचलं तर तिथे तळं वगैरे काही नाही. तिथे आहे जीव मुठीत धरून पळालेला एक माणूस, आणि तो देवाकडे मरण मागतोय.

त्याचं नाव एलीया. ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम या तिन्ही परंपरांमध्ये त्याला संदेष्टा मानतात. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू तर आजही नवस फेडताना त्याच्या नावाने पोहे, नारळ आणि फळांचा ‘मलिदा’ करतात. अलिबाग तालुक्यात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्यात, अशी त्यांची श्रद्धा आहे.

काळ इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातला. इस्राएलचा राजा अहाब, राणी ईजबेल. राणी सीदोनची राजकन्या आणि बआल देवाची भक्त. बआल हा पावसाचा, विजेचा, वादळाचा देव. कर्मेल डोंगरावर एलीयाने बआलच्या ४५० पुजाऱ्यांना आव्हान दिलं: ज्याचा देव आकाशातून आग पाडेल तो खरा. आग एलीयाच्या वेदीवर पडली. त्यानंतर त्याने त्या पुजाऱ्यांना किशोन ओढ्यापाशी नेऊन ठार केलं. पोस्टमध्ये हा भाग कधीच येत नाही.

राणीने निरोप धाडला, उद्या या वेळेपर्यंत तुझीही तीच गत करते. एलीया पळाला तो थेट दक्षिणेच्या वाळवंटात. एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, माझा प्राण घे. मला या प्रकरणातला सगळ्यात विलक्षण भाग हाच वाटतो, कारण यावर त्याला कोणी उपदेश करत नाही. तो झोपतो. देवदूत उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी समोर ठेवतो. तो खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून खायला घातलं जातं. शांततेचा अनुभव वगैरे नंतर, आधी जेवण आणि झोप.

मग ४० दिवस चालून तो होरेबला पोचतो. होरेब म्हणजेच सीनाय, जिथे मोशेसमोर देव आग, धूर आणि गडगडाटासह उतरला होता. म्हणजे जागा तीच, अपेक्षाही तीच. आणि सुरुवातही तशीच होते. डोंगर फोडणारा वारा, मग भूकंप, मग आग. प्रत्येकानंतर मजकूर सांगतो की देव यात नव्हता.

नंतर येतात तीन हिब्रू शब्द: कोल दमामा दक्का. यांनी भाषांतरकारांची शतकानुशतकं झोप उडवली आहे. ‘कोल’ म्हणजे आवाज किंवा वाणी. ‘दमामा’ म्हणजे स्तब्धता. (मराठीत दमामा म्हणजे मोठा नगारा! दोन्ही शब्दांचा संबंध काही नाही, गंमत तेवढी पाहा.) ‘दक्का’ म्हणजे बारीक, तलम. कुटून बारीक केलेल्या धुपासाठीही हाच शब्द येतो. म्हणजे शब्दशः, बारीक स्तब्धतेचा आवाज.

आता स्तब्धतेला आवाज कसा असेल? जुन्या ग्रीक भाषांतराने तिथे हलक्या झुळकीचा आवाज ऐकला. १६११ च्या इंग्रजी बायबलने हळुवार वाणी म्हटलं, तर १९८९ च्या एका इंग्रजी आवृत्तीने निव्वळ शांततेचा आवाज. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनाही या तीन शब्दांपाशी निवड करावीच लागली असणार. एवढं मात्र नक्की की एलीयाला काहीतरी ऐकू आलं, कारण ते ऐकताच त्याने आपल्या झग्याने तोंड झाकलं आणि तो गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

याचा अर्थ देव आगीत कधीच नसतो, असा घेता येत नाही. थोड्याच दिवसांपूर्वी कर्मेलवर आग त्यानेच पाडली होती. अनेक अभ्यासक म्हणतात, इथे बआलला टोला आहे: वादळ, वीज ही तुमच्या देवाची ओळख, आमच्या देवाची नाही. पटण्यासारखं आहे. पण मला वाटतं, रोख एलीयाकडेही आहे. आग पडली, लोक बदलले, लढाई संपली, अशी त्याची समजूत होती. एका निरोपाने ती कोसळली.

आणि त्या शांततेत त्याला दिलासा मिळतो का? नाही. प्रश्न मिळतो: एलीया, तू इथे काय करतोस? हाच प्रश्न वादळाआधीही विचारला होता. एलीयाचं उत्तरही शब्दन् शब्द तेच आहे: मी तुझ्यासाठी झटलो, सगळ्यांनी तुला सोडलं, मी एकटाच उरलोय. दहावं आणि चौदावं वचन शेजारी ठेवून पाहा. एवढा मोठा अनुभव घेऊनही माणूस जिथल्या तिथेच आहे. काही ज्यू भाष्यकारांनी यावरून त्याला दोषही दिला आहे.

देव त्याच्याशी वाद घालत नाही. परत जा म्हणतो आणि कामं सांगतो. दोन नव्या राजांना अभिषेक कर, अलीशाला तुझ्या जागी नेम. ती कामं सौम्य नाहीत, पुढे त्यातून बराच रक्तपात आहे. शिवाय जाता जाता एक आकडा कानावर घालतो: बआलपुढे न झुकलेले ७,००० लोक अजून आहेत.

एलीया डोंगर उतरतो. अलीशा त्याला शेतात सापडतो. बैलांच्या बारा जोड्यांनी नांगरणी चालू असते आणि बाराव्या जोडीमागे तो स्वतः असतो. एलीया त्याच्याजवळून जातो आणि एक शब्दही न बोलता त्याच्या अंगावर आपला झगा टाकतो, गुहेत ज्याने तोंड झाकलं होतं तोच.