उन्हात ठेवलेला पेला

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या पुतणीने स्वयंपाकघरातून काचेचा पेला पळवला, पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवला, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन शिसपेन्सिली त्यात उभ्या केल्या आणि त्यांना बॅटरी जोडली. बुडबुडे सुटू लागले. एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे प्राणवायू.

"काका, बॅटरी न लावता पेला नुसताच उन्हात ठेवला तर?"

मी हसलो. हसायला नको होते. टोकियो विद्यापीठात फुजिशिमा नावाच्या विद्यार्थ्याने १९६७ साली जवळजवळ हेच पाहिले होते. पांढऱ्या रंगात वापरतात त्या टिटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर प्रखर उजेड पडला आणि पाण्यातून बुडबुडे आले. त्याने व त्याचे गुरू होंडा यांनी १९७२ मध्ये ते जगापुढे मांडले. अडचण एवढीच, की या पदार्थाला जंबुपार किरण लागतात आणि उन्हात त्यांचा वाटा शेकडा चार-पाचच!

दुसरी अडचण पैशाची. उजेड झेलणारी पूड स्वस्त मिळेल, पण हायड्रोजनची जोडी जुळवून द्यायला उत्प्रेरक हवा, आणि त्या कामी उत्तम म्हणजे प्लॅटिनम. त्याचा कण कितीही बारीक केला, तरी आतले अणू बिनकामाचेच. पंक्तीत वीस वाढपी घोळका करून उभे राहिले, तर कडेच्यांनीच वाढायचे आणि मधल्यांनी नुसते मिरवायचे, तसा प्रकार.

मग एकेक अणू सुटा करून बसवला तर? चीनमध्ये डालियन येथे झांग ताओ व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लोखंडाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे असे एकटे अणू बसवून दाखवले. काम मात्र वेगळे, कार्बन मोनॉक्साइड जाळण्याचे होते. २०१६ मध्ये चिनी संशोधकांनीच ते कार्बन नायट्राइड या पिवळ्या पुडीवर बसवले. ही पूड साध्या युरियापासूनही होते आणि दिसणारा उजेडही थोडाफार झेलते. तितक्याच प्लॅटिनमकडून कणांच्या मानाने सुमारे साडेआठ पट हायड्रोजन निघाला!

पण थांबा. त्या पाण्यात एक मदतनीस रसायन होते. प्राणवायूची, म्हणजे खरी जड बाजू त्यात आलीच नव्हती. शिवाय हे अणू मोठे माणूसघाणे नव्हेत. जरा ऊब मिळाली, की सरकत सरकत पुन्हा घोळका करतात. त्यांना नायट्रोजनच्या खोबणीत पक्के जखडणे, यातच खरी कसोटी आहे.

आणि घराबाहेरचा हिशेब? जपानमध्ये १०० चौरस मीटरचे तक्ते मांडून उन्हाने पाणी फोडले; त्याचा वृत्तान्त २०२१ मध्ये आला. तिथे एकटे अणू नव्हते, रोडियमचे कण होते. उन्हातल्या शक्तीपैकी हायड्रोजनमध्ये उतरली ती फार तर शेकडा ०.७६.

हे सारे मी पुतणीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून विचारले, "मग कढईत युरिया भाजून बघू?"

वहिनींनी कढई उचलून वरच्या फळीवर ठेवली. पेला मात्र अजून गॅलरीतच आहे.