टिनिंग: कुठे हवं, कुठे नको

 खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी कंट्रोल पॅनेलमध्ये स्क्रूखाली बसणाऱ्या तारांच्या टोकांना सहसा सोल्डर लावत नाहीत, लग म्हणजे थिंबल दाबून बसवतात. गावातल्या दुरुस्तीच्या टेबलावर मात्र ‘टोकाला सोल्डर मारलं की तार पक्की’ हेच ऐकू येतं. प्लगच्या पिनेत स्क्रूखाली जाणाऱ्या तारेलाही लोक हौसेनं टिनिंग करतात, म्हणजे सोल्डरचा थर चढवतात.

टिनिंगबद्दलचा हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. सोल्डर मऊ असतं. स्क्रूच्या सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरत जातं, पकड सैल होते, जोड तापतो आणि एक दिवस प्लग काळा पडतो. तिथे थिंबल लावावं, नाहीतर तार नुसती पिळून घट्ट कसावी. थिंबल लावायचं असेल तर आधी टिनिंग करू नये. नासाच्या वायरिंगच्या मानकातही तशी मनाई आहे. कारखान्यातूनच कथिलाचा पातळ मुलामा घेऊन आलेली तार मात्र चालते, कारण तिच्यातले केस, म्हणजे बारीक तंतू, सुटे असतात. टिनिंग करायचं ते ज्या टोकाला पुढे सोल्डरच लागणार आहे, त्याला.

‘सोल्डरिंग आयर्नच्या बिटवर सोल्डर वितळवायचं आणि तारेला पुसायचं’ ही दुसरी सवय. सोल्डरच्या पोटातली राळ तांब्यावरचा ऑक्साइड काढण्यासाठी असते. बिटवरच धूर होऊन गेली, तर तारेपर्यंत काय पोचणार? कल्हईवाला आधी भांडं तापवतो, नवसागर फिरवतो, मग कथील लावतो. इथेही क्रम तोच: बिट तारेला खालून टेकवायचं आणि सोल्डर वरून तारेलाच लावायचं. बारीक तारेला एक-दोन सेकंद पुरतात. नवसागर किंवा पत्राकामाचं आम्लाचं फ्लक्स मात्र इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणू नये. ते मागे राहतं आणि तांबं हिरवं पडतं.

जास्त सोल्डर म्हणजे जास्त मजबुती, हेही खरं नाही. टिनिंग झाल्यावर पिळलेल्या केसांची नक्षी दिसली पाहिजे. गुळगुळीत गोळी दिसली तर सोल्डर जास्त झालं. सोल्डर तारेवरच्या रबराच्या, म्हणजे आवरणाच्या, आत शिरलं तर तार तिथे काडीसारखी ताठ होते आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच तुटते. मिक्सर-पंख्यासारख्या थरथरणाऱ्या यंत्रात तर हमखास. म्हणून रबराआधी मिलिमीटरभर जागा कोरडी सोडावी.

उष्णता वाढवली की काम उरकतं, हाही भ्रमच. ६०/४० सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळू लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं. बिनशिशाचं नेहमीचं सोल्डर २१७ ते २२० ला. बिट ३२० ते ३५० अंशांवर असलं की झालं. त्याच्या फार वर नेलं तर राळ जळते, बिट काळं पडतं, तारेवरचं पीव्हीसीचं आवरण मागे सरकतं.

वेळ वाचतो तो तयारीत. सगळ्या तारा एकाच मापानं सोलाव्यात. सोलताना रबराचा तुकडा पूर्ण न काढता अर्धा ओढावा आणि त्यालाच धरून पीळ द्यावा. केस विस्कटत नाहीत, बोटांचं तेलही लागत नाही. लाकडाच्या पट्टीला करवतीनं खाचा पाडून तारा ओळीनं अडकवल्या की एका हातात बिट, दुसऱ्यात सोल्डर धरून सलग काम होतं. शेकडो तारा असतील तर सोल्डर पॉट घ्यावा: वरची मळी बाजूला सारायची, टोक आधी फ्लक्समध्ये, मग पॉटमध्ये बुडवायचं.

धुराबद्दलची भीती चुकीच्या जागी आहे. शिसं उकळतं १७४९ अंशांना, त्यामुळे नाकात जाणारा धूर शिशाचा नसून राळेचा असतो. म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही; त्यानं दमा जडू शकतो, तेव्हा धूर बाजूला खेचणारा छोटा पंखा हवाच. शिसं पोटात जातं ते हातांवाटे. सोल्डर हाताळल्यावर हात न धुता सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकणाऱ्यानं धुराची काळजी करणं म्हणजे गंमतच.

राहिली एनॅमल चढवलेली तार, मोटारीच्या गुंडाळीतली किंवा इअरफोनमधली. तांब्याचा रंग दिसतो म्हणून ती उघडी समजतात आणि सोल्डर धरेना की सोल्डरला दोष देतात. पंख्याच्या गुंडाळीची तार ब्लेडनं किंवा सॅंडपेपरनं खरवडावी लागते. इअरफोनच्या तारेवरचं एनॅमल बरेचदा बिटवरच्या गरम सोल्डरच्या थेंबात काही क्षण धरलं तरी जळून जातं.