इटलीचे द्राक्षासव आणि रावेरचे बागायतदार

नाशिक व अकलूज ह्या भागांत द्राक्षासवाच्या, म्हणजे वाइनच्या, चाखणीचे कार्यक्रम भरतात व त्यांत इटलीच्या द्राक्षासवांचा गौरव होतो, हे वाचून रावेर तालुक्यातील काही केळी बागायतदारांनी विचारले, की आपल्या शेतीशी ह्याचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. कोणास मद्यपानाची गोडी लावावी, असा ह्या लेखाचा मुळीच हेतू नाही. चाखणी करणारे जाणकार तर बहुधा घोट गिळीतही नाहीत. तोंडात घोळवून तो थुंकून टाकतात. तथापि, पेल्यातील चवीवरून बागेतील काम कसे ओळखावे, हे त्या मंडळींकडून अवश्य शिकण्याजोगे आहे.

प्रथम अकलूजचे उदाहरण पाहू. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका हा उसाचा व साखर कारखान्यांचा मुलूख. तेथील मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी व इटलीचे सेक्की अशा तीन घराण्यांतील बंधूंनी 2007 साली एकत्र येऊन फ्रातेल्ली ही वाइनची संस्था काढली. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियन भाषेत भाऊ-भाऊ. टस्कनी प्रांतातील अनुभवी आसवकार पिएरो मासी ह्यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, आणि त्या प्रांताची सांजोव्हेसे ही काळी द्राक्षजात अकलूजच्या रानात रुजली. इटलीत वेल हिवाळ्यात झोपी जातो व तोडणी भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास होते. आपल्याकडे वेलाला ती झोप नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी व पावसाळा सरताना फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून जानेवारी ते मार्च ह्या काळात माल काढावा लागतो. परक्या देशाची जात आणली तरी वेळापत्रक आपल्या हवेचेच ठेवावे लागले.

आता चाखणीकडे वळू. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहतात, मग हलवून वास घेतात व शेवटी लहानसा घोट घेतात. चव पाणचट लागली, तर तोडणीपूर्वी बागेस पाणी जास्त दिले गेले असावे, अशी शंका येते. आंबटपणा नाहीसा होऊन चव सपक झाली, तर माल उन्हाच्या कडाक्यात उशिरापर्यंत वेलावर राहिला असावा. जिभेला चरचरीत, कच्च्या केळासारखा तुरटपणा जाणवला, तर बिया पिकण्यापूर्वीच घड काढले असण्याचा संभव असतो. भुरी रोगासाठी धुरळलेले गंधक तोडणीच्या फार जवळ वापरले, तर आंबवण्याच्या वेळी सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. व्हिनेगरसारखा वास आल्यास फुटलेले घड वा हवेचा अतिरिक्त संपर्क हे कारण बहुधा असते. कोणत्याही खतविक्रेत्याने दिली नसती अशी ही शेतकऱ्याची परीक्षा होय!

इटलीच्या शेतकऱ्याने हे फार पूर्वी जाणले. टस्कनीच्या कियांती भागाच्या सीमा तेथील राजाने 1716 साली जाहीर केल्या व त्या सीमेबाहेरच्या मालाला ते नाव लावू दिले नाही. पुढे 1963 साली सबंध देशासाठी मूळस्थानाच्या नावांचा कायदा झाला. आपल्याकडील जळगाव केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते ह्याच तत्त्वावर. 2021 साली आपल्याच तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन मानांकित केळी दुबईस गेली, हे सर्वांस ठाऊक आहेच. इटलीत द्राक्षासवाचा मोठा हिस्सा सहकारी संस्था तयार करतात, हीही बाब आपण लक्षात घ्यावी.

टिकाऊ शेतीचा भाग ह्यांत निराळा नाही. ठिबकाने मोजके पाणी, ओळींमध्ये आच्छादन, छाटणीच्या काड्यांचे खत, गाळल्यावर उरलेल्या चोथ्याचे कंपोस्ट आणि धुण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण. चांगल्या कारखान्यांत ही कामे होतात. आपल्याकडे घड कापल्यावर केळीचा खोडाचा ढीग बांधावर कुजत पडतो. त्याचे खत वा धागा करता येतो, आणि ज्या तालुक्यात विहिरी दरवर्षी अधिक खोल कराव्या लागतात, तेथे पाण्याचा हिशेबही काटेकोर हवा.

मग रावेरात वाइनची द्राक्षे लावावी काय? माझे मत, घाई करू नये. तापीकाठची खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते व वेलास नुसता पाला फुटतो. ह्या पिकास हलकी, निचऱ्याची जमीन मानवते. तोडलेला माल त्याच दिवशी गाळला जाणे इष्ट, आणि नाशिकचे कारखाने येथून अडीचशे किलोमीटरांहून दूर आहेत. शिवाय ही द्राक्षे बारीक, बियाळ व खाण्यास अयोग्य असल्याने कारखान्याने नाकारली, तर बाजारात त्यांस कोणी विचारीत नाही. राज्य शासनाने 2001 साली द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आखल्यावर नाशिक भागात लागवड झपाट्याने वाढली. परंतु 2008 नंतरच्या मंदीत मागणी घटली, माल उचलला गेला नाही व कित्येकांस उभ्या बागा उपटाव्या लागल्या. ज्यांनी लेखी करारात दर, साखरेचे प्रमाण व उचलण्याची मुदत नोंदवून घेतली नव्हती, त्यांच्या हाती दाद मागण्यास कागदही नव्हता.

केळीचे आसव करता येईल काय, असेही काहींनी विचारले. पूर्व आफ्रिकेत, विशेषतः युगांडा व रुआंडा येथे, ते पिढ्यान्‌पिढ्या होते. पण केळीचा गर घट्ट असून रस सहज सुटत नाही व आम्लताही कमी असते. त्यामुळे विकाऊ माल करणे कठीण जाते. त्यातच परवान्यावाचून घरी असे आसव गाळणे हा महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रत्येक सभेत स्पष्ट सांगावे.

ज्या शेतकरी गटांस प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी फेब्रुवारीत, तोडणी चालू असताना, पहाटेच निघावे, कारण थंडाव्यातच घड काढले जातात. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा कार्यक्रमही त्याच सहलीत जोडावा, व साखर मोजण्याचे छोटे यंत्र हाती धरून पाहावे. तोडणीच्या वेळी द्राक्षात साखर साधारण 22 ते 24 अंश असावी लागते.