यंत्राची जन्मतारीख कशी वाचावी?

शाळेत मुलाचे नाव घालताना जन्माचा दाखला मागितला जातो. मूल दिसायला केवढे आहे, एवढ्यावरून आपण त्याचा वर्ग ठरवत नाही. यंत्र विकत घेताना मात्र आपण बहुधा त्याचे रूपच पाहतो. चकचकीत दिसले म्हणजे नवे, असा आपला समज असतो. पण दुकानात चार वर्षे पडून राहिलेला वॉकी-टॉकी आणि गेल्या महिन्यात कारखान्यातून निघालेला वॉकी-टॉकी, खोक्यातून काढल्यावर अगदी सारखेच दिसतात. दोघांचे वय सांगणारी खूण त्यांच्या अंगावरच्या क्रमांकात दडलेली असते. हे क्रमांक कसे वाचायचे, त्यांवर विश्वास किती ठेवायचा आणि यंत्रात भरलेल्या प्रोग्रॅमची आवृत्ती ही वेगळी गोष्ट का आहे, ते या लेखात आम्ही सांगणार आहोत. सुरुवात मात्र वॉकी-टॉकीने न करता मोटारसायकलने करू. कारण तिचा दाखला सर्वांत सुटसुटीत आहे आणि तो कोणालाही पाहता येतो.

सतरा घरांचा दाखला

पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात, चाकणजवळ महाळुंगे गाव आहे. येथील औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा मोटारसायकलींचा कारखाना १९९९ पासून चालू आहे. इथून बाहेर पडणाऱ्या मोटारसायकलीचे हँडल एका बाजूला वळवले, की चौकटीच्या मानेवर धातूतच ठोकलेला एक लांबलचक क्रमांक दिसतो. यालाच आपण चेसिस नंबर म्हणतो. त्यात १७ घरे असतात आणि प्रत्येक घरात एक रोमन अक्षर किंवा एक आकडा असतो.

ही रचना आयएसओ ३७७९ या आंतरराष्ट्रीय मानकातून आली आहे. आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे त्यात कधीच वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० यांच्यासारखी दिसतात. धातूवर ठोकलेला, तेलाने माखलेला क्रमांक वाचताना अशी गल्लत सहज होऊ शकते. म्हणून २६ अक्षरांतून ३ वजा केली, १० आकडे मिळवले, की प्रत्येक घरासाठी ३३ चिन्हे उरतात.

पहिली तीन घरे उत्पादकाची असतात. पहिले चिन्ह एम आणि दुसरे ए ते ई यांपैकी असले, तर तो उत्पादक भारतातला समजावा. ‘एमडी२’ म्हणजे बजाज ऑटो, ‘एमएटी’ म्हणजे टाटा मोटर्स, ‘एमए१’ म्हणजे महिंद्र. पुढची सहा घरे वाहनाचे वर्णन करतात : कोणते मॉडेल, कोणते इंजिन वगैरे. शेवटची आठ घरे त्या एका वाहनाची स्वतःची. या आठांपैकी पहिले, म्हणजे एकंदरीत दहावे घर, आपल्याला हवे आहे. बहुतेक कंपन्या त्यात वर्ष लिहितात.

वर्षाचे चक्र

एका घरात चार आकड्यांचे वर्ष कसे मावणार? त्यासाठी चक्र वापरले आहे. १९८० साठी ए, १९८१ साठी बी, असे पुढे जायचे. आय, ओ, क्यू आधीच वगळलेली आहेत; वर्षासाठी यू आणि झेडसुद्धा वगळतात. उरली २१ अक्षरे. ती २००० साली संपली. मग २००१ साठी १, २००२ साठी २, असे करत २००९ साठी ९. शून्य वापरत नाहीत. एकवीस आणि नऊ मिळून तीस झाले. २०१० साली पुन्हा ए आले.

मुलांना हे भागाकाराने करायला द्यावे. वर्षातून १९८० वजा करा, ३० ने भागा आणि बाकी पाहा. २०१८ चे उदाहरण घेऊ. वजाबाकी ३८, बाकी ८. ए ला शून्य धरून मोजले, तर आठव्या क्रमांकावर जे येते. २०२४ ची वजाबाकी ४४, बाकी १४, उत्तर आर. उलट दिशेने जाताना मात्र दोन उत्तरे मिळतात. जे म्हणजे १९८८ असेल किंवा २०१८ असेल. नेमके कोणते, हे चिन्ह स्वतः सांगत नाही.

ही अडचण आपल्या परंपरेला नवी नाही. आपल्याकडे ६० संवत्सरांचे चक्र आहे. १९८७ साली सुरू झालेले प्रभव संवत्सर पुन्हा २०४७ साली येईल. जुन्या कागदावर केवळ संवत्सराचे नाव असेल आणि शक दिलेला नसेल, तर इतिहासाचे अभ्यासक मजकुरातील माणसे, घटना, अक्षराचे वळण यांवरून साठ वर्षांची कोणती फेरी ते ठरवतात. मोटारसायकलीचेही तसेच करावे. पल्सर हे मॉडेल २००१ साली बाजारात आले. तेव्हा पल्सरच्या दहाव्या घरातले जे १९८८ चे असणे शक्यच नाही.

महिन्याची गोष्ट वेगळी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२२ नुसार वाहनावरील ओळख क्रमांकात उत्पादनाचा महिनाही यावा लागतो. महिन्यासाठी बहुधा एक अक्षर असते. पण ते कोणत्या घरात ठेवायचे याची पद्धत कंपनीगणिक बदलते. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा नोंदणी पुस्तक पाहावे. त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष सरळ छापलेले असते.

तारखेवर काय अवलंबून असते?

हे सर्व कशासाठी, असे विद्यार्थी विचारतील. त्यांना २०१७ सालची घटना सांगावी. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचे मानक लागू व्हायचे होते. उत्पादकांचे म्हणणे असे, की ही तारीख उत्पादनाची आहे. आधी बनलेली भारत स्टेज ३ ची वाहने नंतर विकायला हरकत नसावी. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि १ एप्रिलपासून अशा वाहनांची विक्री व नोंदणी थांबवली. त्या वेळी कंपन्यांकडे आणि विक्रेत्यांकडे मिळून अशी सुमारे ८ लाख वाहने शिल्लक होती, आणि त्यांत दुचाकीच जास्त होत्या. शेवटचे दोन दिवस दुकानांत मोठ्या सवलतींवर झुंबड उडाली. बनल्याची तारीख, विकल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दोन दिवसांत सर्वांना कळले.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. एखाद्या काळात बनलेल्या वाहनांत दोष आढळला, तर कंपनी ती दुरुस्तीसाठी परत बोलावते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सरकारलाही तसा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. अशा वेळी कोणती वाहने आणायची, ते उत्पादनाच्या काळावरून आणि चेसिस नंबरवरून ठरते. ज्याला आपला क्रमांक वाचता येतो, त्याला आपले वाहन त्यात आहे की नाही हे लगेच पाहता येते.

एकच संख्या, दोन अर्थ

त्याच मोटारसायकलीचे टायर पाहा. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. समजा ते २३१९ आहेत. टायरवर आधी आठवडा आणि मग वर्ष लिहितात. म्हणजे हा टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. आता एखाद्या इलेक्ट्रॉनिक चिपच्या पाठीवर २३१९ असे आकडे दिसले, तर? चिपवर बहुधा आधी वर्ष, मग आठवडा लिहितात. तेव्हा ती २०२३ च्या १९ व्या आठवड्यातली. आकडे तेच, पण चार वर्षांचा फरक पडला. नियम माहीत नसेल तर संख्येचा अर्थ लावता येत नाही, हे यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच दाखवता येईल.

वॉकी-टॉकीचा क्रमांक

वाहनाचा क्रमांक कायद्याने आणि मानकाने बांधलेला आहे. हौशी बिनतारी केंद्र चालवणाऱ्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, हातातील संचांचे तसे नाही. इथे प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र कारभार असतो.

यासू या जपानी कंपनीच्या संचांचे उदाहरण घेऊ. बॅटरी काढली की मागे चिकटपट्टीवर अनुक्रमांक दिसतो. त्यातील पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे अक्षर महिना दाखवते. जानेवारीला सी, फेब्रुवारीला डी, असे करत डिसेंबरला एन. येथे आय वगळलेला नाही, म्हणून बारा अक्षरे सलग येतात. क्रमांक ‘४एच’ ने सुरू होत असेल, तर जून महिना नक्की; पण वर्ष २००४, २०१४ की २०२४? वाहनाचे चक्र तीस वर्षांचे होते, हे केवळ दहा वर्षांचे आहे. एफटी-६० सारखा संच वीस वर्षांच्या आसपास बाजारात राहिला, त्यामुळे नुसत्या मॉडेलवरूनही निकाल लागत नाही. अशा वेळी खरेदीची पावती, बॅटरीवरची तारीख, आतील चिपवरील आकडे, असे दुसरे पुरावे जुळवावे लागतात. सर्वांत अलीकडची तारीख असलेल्या चिपच्या आधी तो संच बनलेला असणे शक्य नाही. संग्रहालयातील वस्तूचा काळही याच तर्काने ठरवतात.

हे कळणे का महत्त्वाचे? वादळात किंवा पुरात दूरध्वनी बंद पडतो, तेव्हा हॅम मंडळींचे संच कामी येतात. संच कपाटात नवाकोरा दिसत असला, तरी लिथियम-आयनची बॅटरी बनल्या दिवसापासून, न वापरताही, हळूहळू क्षीण होत असते. ऐन वेळी किती तास बोलता येईल, हे खरेदीच्या तारखेपेक्षा बनल्याच्या तारखेवर अधिक अवलंबून असते.

यंत्राचे दुसरे वय

आजच्या संचात सूक्ष्म संगणक असतो आणि त्यात कायमचा भरलेला प्रोग्रॅम असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याच्या आवृत्तीला स्वतंत्र क्रमांक असतो. बाओफेंग कंपनीच्या यूव्ही-५आर या चिनी संचात ३ आकड्याचे बटण दाबून धरून संच चालू केला, की पडद्यावर ‘बीएफबी’ ही अक्षरे आणि पुढे तीन आकडे उमटतात. २९१ च्या आधीच्या आवृत्तींची आतील मांडणी वेगळी आहे. त्यामुळे जुन्या संचातील माहिती नव्यात जशीच्या तशी उतरवली, तर घोटाळा होतो. म्हणून संगणकाने वारंवारता भरण्यापूर्वी आवृत्ती पाहणे आवश्यक ठरते.

मोटारसायकलीतही आता हेच आहे. १ एप्रिल २०२३ पासून दुचाकींना पुढच्या टप्प्याची दोषनिदान यंत्रणा बंधनकारक झाली. तिच्या जोडणीला वाचक यंत्र लावले, की इंजिनच्या नियंत्रकातील प्रोग्रॅमचा क्रमांक वाचता येतो. विक्रेत्याच्या कार्यशाळेत हा प्रोग्रॅम बदलता येतो. याचा अर्थ असा, की २०२३ साली बनलेल्या गाडीत २०२५ चा प्रोग्रॅम असू शकतो. म्हणून आवृत्तीवरून यंत्राचे वय काढू नये आणि वयावरून आवृत्ती गृहीत धरू नये. यूव्ही-५आर मध्ये मात्र वापरणाऱ्याला आवृत्ती बदलता येत नाही. जी आली ती शेवटपर्यंत राहते.

येथे एक सूचना. असे संच चालवायला परवाना लागतो. भारतात हॅम मंडळींना १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यांत परवान्यावर बोलता येते. विनापरवाना वापरासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचा, कमी शक्तीच्या संचांचा पट्टा मोकळा आहे. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकींच्या बेकायदा विक्रीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हा शाळेसाठी संच घेताना तारखेबरोबर परवान्याचीही चौकशी करावी.

वर्गात करून पाहा

शिक्षकांच्या दुचाकी शाळेच्या आवारात उभ्या असतातच. विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक गटाला एक दुचाकी द्यावी. गटाने चेसिस नंबरची पहिली तीन घरे आणि दहावे घर एवढेच टिपावे. शेवटची घरे लिहू नयेत, कारण पूर्ण क्रमांक मालकाची खासगी माहिती आहे. मग वर्ष काढावे आणि मालकाकडील नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावे. दोन्ही टायरांची तारीख वेगळी लिहावी. टायर गाडीपेक्षा तरुण निघाला तर तो बदललेला आहे, हे मुले स्वतःच सांगतील. गाडीपेक्षा टायर बराच म्हातारा निघाला, तर मात्र मालकाला जरूर सांगावे. जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते.

महाळुंगे, चाकण, भोसरी या पट्ट्यात अनेक मुलांचे पालक याच कारखान्यांत काम करतात. क्रमांक ठोकण्याचे काम कोठे आणि कसे होते, हे त्यांच्याकडून मुलांना ऐकता येईल. धातूवर एकदा ठोकलेला क्रमांक खोडणे अवघड असते, म्हणूनच तो कागदाच्या चिठ्ठीवर छापत नाहीत. वॉकी-टॉकीवरची चिकटपट्टी मात्र नखाने निघते. दोन्हींपैकी कोणता दाखला अधिक विश्वासाचा आणि का, एवढा प्रश्न विचारून तास संपवावा.